खुडूक कोंबडीची सीट

२०११ साली मी परदेशात, वॉटरफोर्डच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होतो आणि माझ्याकडे माझ्याहूनही वयाने मोठी एक मोटरसायकल होती. तिला सीट नव्हती. इंटरनेटवर बरेच दिवस धुंडाळल्यावर नास गावाजवळच्या एका शेतकऱ्याकडे तशीच जुनी, लांब सीट सापडली. फोटोत कोपऱ्यात एक कोंबडी होती. तिच्याकडे दुर्लक्ष करून मी पैसे भरले.

सीट आणायला कार काढली तेव्हा माझे वडील, आबाही बसले. ते साताऱ्याकडून आमच्याकडे राहायला आले होते आणि घरात बसून पार कंटाळले होते.

म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला शेडमध्ये नेलं. सीट जमिनीवर उलटी पडली होती. आतल्या खोलगट भागात गवत होतं आणि गवतावर तीच कोंबडी.

"आज देता येणार नाही. ती आठ अंड्यांवर बसलीय," तो म्हणाला.

"तिला उचलून खोक्यात ठेवू या का?"

भूल न देताच पेशंट कापू या, असं मी म्हटल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

आबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी वाकून पाहिलं. "खुडूक हाय रं ती. हात लावू नगंस."

मी भाषांतर केलं. "तुझ्या वडिलांना कळतं," म्हातारा म्हणाला आणि त्याने चहा आणला. मग दोघं बादल्या पालथ्या घालून कोंबडीशेजारी बसले. एक सातारी बोलत होता, दुसरा त्याच्या किल्डेअर भागातलं इंग्रजी. भाषांतरासाठी मला कोणी पुन्हा विचारलं नाही. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

त्यानंतर म्हाताऱ्याचे फोन येऊ लागले. कोंबडी 'ग्रँड' आहे, म्हणजे मजेत आहे, एवढंच तो सांगायचा आणि आबांना ते लगेच कळवावं लागायचं. एकदा कॅन्टीनमध्ये जेवताना फोन आला.

"आठही जिवंत?" मी विचारलं. "आणि आई?"

समोरच्या नर्सने काटा खाली ठेवला. "डॉक्टर, कुठल्या हॉस्पिटलात?"

"शेडमध्ये," मी म्हणालो आणि मग बराच वेळ खुलासा करत बसलो.

अखेर सीट घरी आली आणि गाडीवर चपखल बसली. तीनदा धुतली तरी वास जाईना, म्हणून बायकोने बसायला साफ नकार दिला. आबा मात्र हेल्मेट घालून माझ्या मागे बसले आणि आमच्या गल्लीत चार चकरा मारून आले.

"वासाचं काय?" बायकोने विचारलं.

"बाळंतिणीच्या खोलीला वास असतोयच," आबा म्हणाले.