बिनपगारी राजदूत

विश्रामभाऊ राघोजींच्या खिशात कायम निळ्या शाईचं बॉलपेन असे आणि ते लिहिण्यासाठी क्वचितच वापरलं जाई. भिंतीवर जगाचा नकाशा दिसला, की हे गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून त्याच्यापुढे उभे राहत. मादागास्करच्या उजव्या अंगाला, समुद्रात नाक खुपसून काहीतरी शोधत. हवं ते सापडलं नाही, की पेन काढून तिथं एक ठिपका देत. बँक असो, दाताच्या डॉक्टरची खोली असो, ठिपका पडायचाच. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही ठिपका देतानाच.

सौदी अरबस्तानातल्या खोबर शहरात काझीचाचांचं विमान-तिकिटांचं दुकान होतं. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं त्या ऑगस्टात तिथं पाय ठेवायला जागा नसे. मी बायको-मुलांना नाशिकला पाठवायच्या खटपटीत होतो. सगळी गर्दी काउंटरकडे रेटत होती आणि एक ठेंगणा, सावळा, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस आमच्याकडे पाठ करून भिंतीशी काहीतरी करत होता.

"अरे विश्राम, परत मारलंस टिंब?" काझीचाचा काउंटरवरूनच ओरडले. चाचा मूळचे दापोलीकडचे. "विमान कंपनीचा नकाशा आहे तो, बाबा!"

"मग कंपनीला सांग चाचा, एक देश राहून गेलाय," तो माणूस मागे न वळता म्हणाला. "आमची येवडी माणसं तिथं ऱ्हातात. ती काय पाण्यात उबी हायत?"

युद्धाच्या धास्तीने आम्हा सगळ्यांचे चेहरे सुतकी झाले होते, तरी त्या वाक्याला दुकानभर हसू फुटलं. मी मात्र ते मराठी ऐकून चाट पडलो. हे गृहस्थ मॉरिशसचे होते. त्यांचे खापरपणजोबा राघोजी रत्नागिरीकडून ऊस तोडायला त्या बेटावर गेले आणि परत आले नाहीत. त्यांचं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. मराठी मात्र घरात टिकलं. आमच्याकडे कधीच मागे पडलेले शब्द विश्रामभाऊ रोज वापरत आणि मधूनच तिकडच्या क्रिओल बोलीतला 'कोरेक' टाकत. कोरेक म्हणजे ठीक, झकास, झालं काम. खोबरमधल्या आम्हा मराठी मंडळींनी त्यांचं बारसं 'मॉरिशसकर' असं करून टाकलं.

एका मोठ्या हॉटेलात ते हाउसकीपिंग सुपरवायझर होते. बायको-मुलं गेल्यावर माझ्या जेवणाचे हाल सुरू झाले, तेव्हा संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर जाऊ लागलो. ते रांधत आणि मी त्यांच्या देशाची स्तुती ऐकत असे. हा व्यवहार दोघांनाही परवडत होता. "केवढा हो तुमचा देश?" असं कुणी खवचटपणे विचारलं, तर ते जराही ओशाळत नसत. "सकाळी निगालात तर पुरा देश बघून जेवायला घरी. तुमच्या देशात जमतंय?"

मला हे विचित्र वाटे. मी एवढ्या मोठ्या देशातला. भारत कुठे आहे हे मला कुणाला कधी सांगावं लागलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर तो चांगला का आहे, हेही सांगावं लागलं नव्हतं. विश्रामभाऊंना ते दिवसातून दोनदा करावं लागे. करून करून त्यांना त्याची गोडी लागली होती.

त्यांच्या डोक्यात एकच वेड होतं. मॉरिशसला रशियन लोक यायला हवेत. रशियन पाहुणे आणि रशियन व्यापार. मॉरिशसच्या पर्यटन खात्याला त्यांनी फोन करकरून भंडावलं होतं. तिथला साहेब शेवटी म्हणाला, "आधी एक रशियन पार्टी हातात आणा, मग आम्ही बोलू." मी एकदा विचारलं, "अहो, फ्रेंच येतात, इंग्रज येतात, मग रशियनांचंच एवढं काय?"

ते कांदा चिरायचे थांबले. "फ्रान्सवाल्यानं आमच्यावर राज केलं. मग इंग्रजानं केलं. आता ते सुट्टीला येतात, पैसे देतात, पण चालतात कसे? जुन्या मळ्यावर आल्यासारके. आमची पोरं त्यांच्यापुडं तबक धरतात. रशियन कदी आमचा मालक नव्हता. तो येईल तर पाव्हणा म्हणून येईल. आमच्या पोरांना एकदा पाव्हण्याशी बोलू दे की."

त्यानंतर मी त्या वेडाची थट्टा करणं सोडून दिलं.

आणि खरोखरच रशियन आला. सौदी आणि रशिया यांचे संबंध नुकतेच पुन्हा जुळले होते. आमच्या कंपनीला पाइप विकायला निकोलाय पेत्रोविच नावाचे साठीचे, ऐसपैस अंगाचे गृहस्थ आले आणि विश्रामभाऊंच्याच हॉटेलात उतरले. जानेवारीत युद्ध भडकलं, इराकची क्षेपणास्त्रं येऊ लागली, विमानं बंद झाली आणि ते अडकले. त्यांचा दुभाष्या आधीच बहारीनला सटकला होता. इंग्रजी त्यांना येईना. फ्रेंच मात्र उत्तम येत होतं आणि अख्ख्या हॉटेलात फ्रेंच बोलणारा एकच माणूस होता. तो त्यांच्या खोलीत रोज टॉवेल घेऊन जाऊ लागला, दिवसातून बऱ्याच वेळा.

चौथ्या-पाचव्या दिवशी विश्रामभाऊ माझ्याकडे धापा टाकत आले. निकोलाय पेत्रोविच नुसते पाइपवाले नव्हते. त्यांच्या कारखान्याच्या हजारो कामगारांना सुट्टीला कुठे पाठवायचं, हेही तेच ठरवत. आता तिकडचे कायदे सैल झाल्यामुळे ते परदेशातली जागा शोधत होते आणि त्या देशाकडून साखर-चहा घ्यायचीही त्यांची तयारी होती. पण एका दुसऱ्या, बऱ्याच नावाजलेल्या बेटावर त्यांचं मन जवळजवळ बसलं होतं. तिथली चकचकीत चित्रं त्यांच्या बॅगेत होती. विमानं सुरू झाली, की ते घरी जाऊन सही करणार होते.

"म्हणजे आपल्याकडं विमानं सुरू होईपर्यंत टाइम हाय," विश्रामभाऊ म्हणाले. जगातला प्रत्येक माणूस युद्ध संपायची वाट बघत होता. ते जरा लांबलं तरी चालेल असं म्हणणारा हा एकटाच.

त्यांनी निकोलाय पेत्रोविचना जेवायला बोलावलं. हॉटेलच्या तळघरात, लॉन्ड्रीशेजारच्या चादरी ठेवायच्या मोठ्या खोलीत टेबल मांडलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. हल्ल्याचा भोंगा वाजला, की सगळ्या पाहुण्यांनी तिथंच यायचं, असं विश्रामभाऊंनी युद्धाआधीच ठरवून ठेवलं होतं. वरच्या काचांना चिकटपट्ट्या, टब भरून पाणी, मेणबत्त्या, ही सगळी तयारी त्यांचीच. लेबनीज मॅनेजर तेव्हा त्यांना हसला होता. मोहरी लावलेली मासळी, डाळपुरी, पातेलंभर डाळ, टोमॅटोची चटणी असा बेत होता. दिवस मावळता मावळता आम्ही तिघे बसलो. निकोलाय पेत्रोविचनी तिसरी डाळपुरी मागितली, तेव्हा मला वाटलं, मोहीम फत्ते.

मग त्यांनी काहीतरी विचारलं. विश्रामभाऊंनी मला मराठीत सांगितलं, "विचारतो, आमची माणसं थंडीत पळतात. डिसेंबर ते मार्च. तवा तुमच्याकडं हवा कशी असते?"

मी जागच्या जागी गार झालो. मॉरिशसमध्ये तेच दिवस वादळांचे, ज्यांना ते सिक्लोन म्हणत. "विश्रामभाऊ," मी चेहरा हसरा ठेवून मराठीत म्हणालो, "वादळाचं आत्ता काढू नका. ऊन असतं म्हणा. खोटं थोडंच आहे?"

"पाव्हण्याला घरात घ्यायचं आणि छप्पर गळतं ते सांगायचं नाय? वा भाऊ!"

आणि त्यांनी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तर हातवारे करून, झाडं मोडून, पत्रे उडवून, समुद्र रस्त्यावर आणून सांगितलं. स्वतःच्या देशातलं वादळसुद्धा ते अभिमानाने सांगत होते! निकोलाय पेत्रोविचनी हळूहळू डाळपुरी खाली ठेवली. तोंड पुसलं. त्यांनी नम्रपणे काहीतरी म्हटलं आणि विश्रामभाऊंनी त्याचा अर्थ मला सांगितला नाही. सांगायची गरजही नव्हती.

एवढ्यात भोंगा वाजला.

दोन मिनिटांत सगळं हॉटेल त्या खोलीत कोंबलं गेलं. कुवेतमधून जीव घेऊन आलेली कुटुंबं, रडणारी मुलं, विषारी वायूचे मुखवटे उलटे चढवणारे व्यापारी आणि सगळ्यांवर ओरडणारा मॅनेजर. विश्रामभाऊ टेबलाशी उभे राहिले आणि कामं वाटू लागले. मॅनेजरच्या हातात ओले टॉवेल देऊन त्याला दाराच्या फटी बुजवायला बसवलं. निकोलाय पेत्रोविचच्या हातात डाव दिला आणि मुलांना डाळ वाढायला लावलं. मला पाणी वाटायला सांगितलं. एका म्हाताऱ्या कुवेती आजीबाईंना त्यांनी काहीच सांगितलं नाही. त्या स्वस्थ माळ ओढत बसल्या होत्या.

"आमच्याकडं सिक्लोनमदी असंच करतात," ते मला म्हणाले. "जो जास्ती घाबरला, त्याला काम द्यायचं."

मी पाण्याचा जग घेऊन पुढे गेलो आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बाहेर दोन दणके झाले. भिंत हलली, दिवे गेले, मेणबत्त्या लागल्या. मग सगळं शांत झालं आणि थोड्या वेळाने धोका टळल्याचा भोंगा वाजला. लोक उठले. विश्रामभाऊंनी एक खुर्ची ओढली, बंद दाराला लावली आणि तिच्यावर बसले.

"कोन बाहेर जायचं नाय. हा डोळा हाय."

वादळाच्या मधोमध म्हणे असा एक शांत भाग असतो. वारा पडतो, ऊनसुद्धा पडतं. लोकांना वाटतं, संपलं. आणि मग उलट्या दिशेने वारा येतो, पहिल्यापेक्षा जोरात. "माझा काका तसाच गेला. पडलेले आंबे वेचायला गेला आंगणात," ते म्हणाले.

"अहो विश्रामभाऊ, हे वादळ नाही, क्षेपणास्त्र आहे! त्याला कसला आलाय डोळा?"

"तुमाला रॉकेटची सवय हाय? नाय ना? मला पण नाय. मला ज्याची हाय ते मी करतो."

मॅनेजर अरबीत, इंग्रजीत आणि शेवटी पुन्हा अरबीत ओरडला. नोकरी खलास, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना रद्द, उद्याच्या उद्या चालता हो. विश्रामभाऊ हलले नाहीत. पुढे काहीही झालं नाही. आणखी क्षेपणास्त्र आलं नाही, वारा आला नाही, पानही हललं नसेल. एका बेटाच्या हवामानापायी हॉटेलभर माणसं सौदी अरबस्तानात चादरींमध्ये कोंडून बसली होती. पण बसल्या बसल्या मुलांनी डाळ संपवली, कुणीतरी हसलं आणि मघाशी थरथरणारे लोक आता विश्रामभाऊंवर रागावण्याइतके सावरले.

हे काय चाललंय, असं निकोलाय पेत्रोविचनी विचारलं. विश्रामभाऊंनी खुर्चीवरूनच काकाची हकीकत सांगितली. हातात डाव धरलेला तो आडदांड माणूस आधी गदागदा हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग सावकाश काही वाक्यं बोलला.

मी म्हटलं, "अहो, काय म्हणाले?"

"म्हणतो..." विश्रामभाऊ खुर्चीवरच माझ्याकडे वळले. "म्हणतो, बाकी सगळ्यांनी मला ऊन दाखवलं. तुमी वादळ दाखवलंत, आणि वादळात माणूस माणसाला कसं धरून बसतो ते पण दाखवलंत. म्हणतो, आधी मी येतो बगायला. मग माझी माणसं."

तेव्हा ते खुर्चीवरून उठले. "कोरेक," म्हणाले आणि दार उघडलं. त्या क्षणी मला त्यांचा असा अभिमान वाटला, जणू मीच मॉरिशसचा होतो.

त्यांची नोकरी गेली नाही. पुढच्या भोंग्याला मॅनेजर स्वतःच टॉवेल भिजवून तयार होता. युद्ध संपल्यावर निकोलाय पेत्रोविच मॉरिशसला जाऊन आले, साखरेचं आणि चहाचं बोलणं झालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचा सोव्हिएत देश मोडला. आता सगळं बारगळणार, असं मला वाटलं. विश्रामभाऊ मात्र शांत होते. "बगा, येवडा मोटा देश, त्याचं काय झालं. आमी हाय तितंच हाय," म्हणाले. "घाबरला असंल तो. त्याला काम देतो." आणि त्यांनी मॉस्कोला फोन लावला.

विश्रामभाऊ वारल्याचं मला फार उशिरा कळलं. ते मॉरिशसला परतले होते आणि मी नाशिकला. बातमी काझीचाचांनी दिली. फोन ठेवल्यावर मला आठवली ती त्याच चादरींच्या खोलीतली एक दुपार. त्यांच्या बहिणीने तिकडचं फ्रेंच वर्तमानपत्र पाठवलं होतं. पहिल्याच पानावर फोटो होता. रशियन पाहुण्यांची पहिली तुकडी, गळ्यांत हार, पुढे निकोलाय पेत्रोविच, बाजूला पर्यटन खात्याचे साहेब, मागे नऊवारीत नटलेल्या विश्रामभाऊंच्या गावच्या बायका. विश्रामभाऊंनी मला ती बातमी ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवली. तीत मंत्र्यांचं नाव होतं, साहेबाचं होतं, हार करणाऱ्या बाईचंही होतं.

मला संताप आला. "विश्रामभाऊ, हे सगळं तुम्ही केलंत. तुमचं नाव कुठाय यात?"

"नाव?" त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. त्यांनी पेपर माझ्याकडे वळवला आणि सगळ्यात वरच्या मोठ्या अक्षरांवर, 'मॉरिशस' या शब्दावर, बोट ठेवलं. "हे काय, वरच हाय की!"