आमच्या गल्लीतला लपवलेला ताप

आशा सेविका म्हणून काम करताना मी एक गाढवपणा केला, तो आधीच सांगून टाकते.

डेंग्यूचे दिवस होते. वरून हुकूम आला, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, घरोघरची पाण्याची भांडी रिकामी करा. तेल्हाऱ्याकडचं आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि नळ येतो दहाव्या दिवशी. तरी अळ्या दिसल्या म्हणून मी भाजी विकणाऱ्या काकूंचा भरलेला ड्रम अंगणात आडवा केला. नळाला अजून सहा दिवस होते. काकू नुसत्या ओल्या मातीकडे बघत राहिल्या.

पुढच्या फेरीला गल्लीतलं एकही दार धड उघडलं नाही. फटीतूनच उत्तर यायचं, "आमच्या घरी कोनाले ताप नाही." आत कुणी कण्हत असलं तरी हेच! एकही रुग्ण नाही म्हणून माझा अहवाल निरंक गेला. आरोग्य केंद्रातले साहेब खूश, आणि मला स्वतःची अशी चीड आली की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरच्या दोन घागरी भरून काकूंच्या दारात उभी राहिले.

"काकू, चुकलं माह्यं. पानी घ्या."

"अन् आता काय सांडाले आली वो?"

"काहीच नाही. तुमची नात काहून दिसत नाही?"

त्यांनी दार सोडलं. आत नात तापाने फणफणलेली, हिरड्यांतून रक्त. चौथा दिवस! माझ्याच धाकाने लपवलेली. तासाभरात तिला अकोल्याला हलवलं. पोर वाचली.

त्यानंतर मी कुणाचं थेंबभर पाणी ओतलं नाही. जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून ते दुसऱ्या ड्रमात गाळायचं, अळ्या उन्हात झटकायच्या, रिकामा ड्रम घासून वाळवायचा, पाणी परत भरून तोंड बांधायचं. आता काकूच हे गल्लीभर शिकवतात.

बैठकीत साहेब भडकले. "मागच्या वेळी निरंक, आणि आता एवढे तापाचे रुग्ण? कोरडा दिवसही पाळला नाही! यादी कमी करून आणा."

यादीत पहिलं नाव त्या नातीचं होतं. मी कागद तसाच त्यांच्यापुढे सरकवला.

"कमी नाही होनार, साहेब. ताप तवाही होता, माह्या भेवानं लोक सांगत नोते. आता सांगून रायले. नोटीस द्याची असन तं द्या."