छत्रावरची रेघ

आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या हस्तलिखित अंकात मी जुन्या छापील बखरींतल्या चित्रांविषयी लिहिले होते. राजाच्या छत्रावर दिसणारी पांढरी तिरकी रेघ ही राज्य बुडणार असल्याची खूण आहे, ‘असे इब्राहीम मास्तर सांगतात’, हे त्यातले विधान चुकीचे आहे. मास्तरांनी तसे कधीच सांगितले नव्हते. तर्क माझा होता. त्याला वजन यावे म्हणून मी त्यांचे नाव घातले. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या अंकात आधी हे सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

मास्तर आखातात, देऱ्यातल्या आमच्या घरी प्रथम आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मुळाक्षरांपासून सारे अब्बांनीच घरी शिकवलेले. मास्तरांनी रत्नागिरीच्या छापखान्यात खिळे जुळवण्यात उमेदीची वर्षे घालवलेली. “इकडे येताना पेटीत कपडे दोन आणि बखरी वीस,” असे त्यांच्या पत्नी, आमच्या चाची, अजून ऐकवतात. त्यांतलीच एक त्यांनी माझ्यापुढे उघडली. लाकडी ठशाचे चित्र होते.

“राजा हत्तीएवढा कसा?” मी विचारले.

“मान मोठा, म्हणून अंगही मोठं. आणि वर सूर्य-चंद्र एकदम का?”

मी पान उलटून मजकुरात उत्तर शोधू लागले.

“ते असेपर्यंत राज्य राहो, म्हणून. पण पोरी, आधी ठसा नीट बघायचा. अर्थ मागाहून.”

हे मी विसरले. मास्तरांची या चित्रांवरची टिपणे मुंबईच्या एका प्रकाशकांकडे होती. त्यांना आमचा अंक मीच हौसेने पाठवला. टिपणे परत आली. सोबत पत्र: ठशाच्या लाकडाला गेलेला तडा ज्यांना चिन्ह वाटतो, त्यांचे पुस्तक आम्ही कसे काढावे?

मास्तरांनी ते पत्र शुक्रवारच्या बैठकीत स्वतः वाचून दाखवले.

“मास्तर, असं बोललात तुम्ही?” अब्बांनी विचारले.

“बोललो असेन. वय झालं, हबीबी.”

सगळे हसले. मी चहा देत होते. रिकामे कप उचलून मी आत गेले.

मंडळी गेल्यावर त्यांनी मला बखरीचे पुढचे पान दाखवले. “याच ठशातून इथे दुसऱ्या राजाचा राज्याभिषेक छापलाय. रेघ इथेही आहे. म्हणजे हा पहिल्याच दिवशी खलास?”

मला रडू आले.

“पान भिजेल,” म्हणत त्यांनी बखर बाजूला घेतली. त्या दिवसानंतर त्यांनी हा विषय काढलेला नाही.

मास्तरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि इन्शाल्ला, त्यांचे पुस्तक त्यांच्या हाती पडो. टिपणांची स्वच्छ प्रत मी केली आहे. प्रकाशक ऐकतील की नाही, ठाऊक नाही. पण चूक कोणाची, हे त्यांना पत्राने नव्हे, समोर बसून सांगायचे आहे. अब्बा सोबत येणार आहेत. आमची मुंबईची बोट सोमवारी, सहा मे रोजी सुटते.