यंदा नाही

अमेरिकेतल्या नोव्हायच्या आइस रिंकवर आम्ही आईबाप काचेला नाक लावून ओरडत असतो, तेव्हा सगळ्यांचे काका वरच्या कोपऱ्यात काखेत हात घालून गप्प उभे असतात. मूळचे नागपूरचे, रिटायर्ड इंजिनिअर. आइस हॉकी क्लबसाठी पोरं निवडतात. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, हातची गेल्यावर पोरगा काय करतो, तिकडे त्यांची नजर असते.

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. मार्कांनी मला इथवर आणलं, याचा मला अभिमान आहे. त्यामुळे माझ्या मुलाने मॅचमध्ये चार गोल मारले, तेव्हा मी वर जाऊन ऐटीतच विचारलं, "काका, वरच्या टीममध्ये घेताय ना?"

"नाही बाप्पा, यंदा नाही. तुझा पोट्टा लवकर उंच झाला, म्हणून धक्के मारून पुढे जाते. उद्या बाकीचे वाढले का मग? पास देणं त्याला येतच नाही."

मला रागच आला. कोच तर त्याची पाठ थोपटत होते.

काका जिना उतरून मुलाकडे गेले आणि हेच त्यालाही तोंडावर सांगितलं. त्याचा चेहरा पडला. पण तो म्हणाला, "कॅन यू शो मी?"

काका रिंकच्या काउंटरवर गेले आणि आपल्या मापाचे स्केट्स भाड्याने मागू लागले.