फिकं टरबूज आणि मिताचा प्रोटॉन

माझी भाची मिता हैदराबादची पीएचडी अर्धवट टाकून आदिलाबादला घरी बसली होती; मी तिला दटावून परत पाठवलं, असं नातेवाईक सांगत फिरताहेत. तसं झालेलं नाही, म्हणून लिहिते. तिकडे जाणाऱ्यांना रस्त्याचीही माहिती होईल.

नागपूरहून सकाळची बस धरावी. महामार्ग उत्तम आहे. पांढरकवड्याला चहा घ्या. पैनगंगा ओलांडली की पाट्या तेलुगूत सुरू होतात, मराठी मात्र संपत नाही. बहिणीच्या यजमानांचं, म्हणजे भावजींचं, दुकान बाजारातच आहे. मिता टरबुजांच्या ढिगामागे बसली होती.

"मावशी, लेक्चर द्याले आली असशील त आधी जेवून घे."

जेवले. लेक्चर दिलं नाही. सोमवारी तिला विद्यापीठातल्या विभागाला कळवायचं होतं: राहते की सोडते.

दुसऱ्या दिवशी दोघी कुंतालाच्या धबधब्याला गेलो. तेलंगणच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही, पण आधार कार्ड तिथलं लागतं. मी तिकीट काढलं. पुढे ऑटो, भाडं आधी ठरवा. उन्हाळ्यात पाणी बारीक असतं आणि पायऱ्या गुडघ्यांना सोडत नाहीत. खाली खडकावर टेकल्यावर मी विचारलं, "नेमकं अडलं कुठे?"

प्रोटॉनला आत कठीण गाभा, भोवती ढग, असं तिचं मॉडेल. दोन प्रोटॉन प्रचंड वेगाने एकमेकांना चाटून गेले की थोडेच वळतात. त्यावरून ढग कळतो. क्वचित अगदी जवळून धडकले तर मोठ्या कोनात फेकले जातात. त्यावरून गाभा कळतो.

"ढगाचं जुळते, मावशी. गाभ्याचं नाई. एक जास्तीचा आकडा घुसवला त रेघ बरोबर बसते. पन तो कुठून आला, मले सांगता येत नाई. ठेवावा वाटत नाई आन् फसलेलं दाखवाची लाज वाटते."

माझं भौतिकशास्त्र चार दशकांपूर्वीचं. तसं तिला सांगितलं आणि आम्ही पायऱ्या चढू लागलो.

संध्याकाळी दुकानात एका गिऱ्हाइकाने विचारलं, "लाल है ना, सेठ?" भावजींनी रिवाजाप्रमाणे टरबुजाची त्रिकोणी फोड काढून दाखवली. फिकी. त्यांनी ते टरबूज कापलेली बाजू पुढे करून ठेवलं आणि दुसरं उचललं.

"पलटवून ठेवा ना, बाबा."

"काऊन? लपवलं त बाकीच्या ढिगावर कोन भरोसा ठेवन? एवढी शिकून राह्यली का इसरून राह्यली?"

मिता त्या फोडीकडे पाहत राहिली. मग आत जाऊन लॅपटॉप उघडला. प्रबंधाच्या शेवटी दडवलेला, न जुळणारा आलेख तिने पहिल्या प्रकरणात आणला. जास्तीचा आकडा काढून टाकला. मी तिचं ताट शेजारी ठेवलं आणि बाहेर आले.

मी आता नागपुरात आहे. प्रबंध मंजूर होईल का, तिला माहीत नाही, मलाही नाही. गाभा अजून कळलेला नाही.

नोंद असावी: बसस्थानकावर मी मिताच्या हाती हैदराबादचं तिकीट दिलं, तिनेच मागितलेलं. भावजींनी माझ्या हाती ते फिकं टरबूज दिलं, कापलेली बाजू वर.