वाल्डेमारचा जास्तीचा पंख

वाल्डेमार ट्राबर्टने हात लावून बघितल्याशिवाय आमच्या क्लबाच्या कुरणावरून एकही विमान उडत नाही. विमान म्हणजे आत बसायचं नव्हे. बाल्सा लाकडाचं, दोन मीटर पंखांचं, इंजिन नसलेलं, खाली उभं राहून रेडिओच्या कांड्यांनी वळवायचं. वारा डोंगराला धडकून वर चढतो आणि त्याच्यावर ते तासन्‌तास तरंगतं. आम्ही जर्मनीतल्या ऱ्होन डोंगरांतली माणसं यापायी वेडी आहोत, आणि त्यावर कुणी दात काढले तर मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवते.

वाल्डेमारने अडतीस वर्षं लिफ्ट तपासल्या. इमारतींमधल्या, हॉटेलांमधल्या, बर्फाच्या उतारावरच्या. अजूनही कुठे गेला की लिफ्टचं दार तीनदा उघडून मिटून बघतो, समाधानाने मान हलवतो आणि जिन्याने वर जातो. क्लबात गेली एकतीस वर्षं तो विमानं तपासतो. दोन बोटांवर पंख तोलून धरायचे, नाक खाली जातंय की शेपूट ते बघायचं. मागे उभं राहून म्हणायचं, "उजवीकडे." शेपटीवरची पट्टी उजवीकडे वळली पाहिजे. "वर." वर गेली पाहिजे. मग पंख धरून हलवायचे, स्क्रू चाचपायचे आणि यादीवर सही करायची. मी क्लबाची सचिव, तरी माझं विमान त्याने दोनदा परत पाठवलंय. दुसऱ्या वेळी मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. स्क्रू सैल होता हे खरं, पण चारचौघांत सांगायची काही गरज होती का?

आमच्याकडे हिवाळ्यात सगळ्यांनी एकच किट बांधायचं अशी पद्धत आहे. नोव्हेंबरात खोकी वाटली जातात आणि एक मेला सगळे तीच विमानं घेऊन स्पर्धेला उतरतात. खोक्यात कापलेल्या फासळ्या, पट्ट्या आणि एक मोठा आराखडा. आराखड्यात पंख एकच असतो, डावा. त्याच्यावर फासळ्या टाचण्यांनी उभ्या करून डावा पंख बांधायचा. मग कागदाला स्वयंपाकाचं तेल चोळायचं, म्हणजे रेघा पाठीमागून दिसू लागतात. कागद उलटा करायचा आणि त्याच्यावर उजवा बांधायचा. सोपं आहे. आणि तरी दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी कागद उलटायचं विसरतं आणि दोन डावे पंख घेऊन येतं. पंखाची पाठ फुगीर, पोट सपाट, पुढची कड गोल, मागची धारदार, त्यामुळे डावा काही केल्या उजवीकडे लागत नाही. मग तो जास्तीचा पंख क्लबाच्या भिंतीवर खिळ्याने ठोकतात आणि खाली रंगाने नाव आणि साल लिहितात. भिंतीवर आजवर सात पंख आहेत. सातही वाल्डेमारने स्वतः ठोकलेत, चवीचवीने.

या वर्षी जानेवारीच्या बैठकीत टोर्बेनने विषय काढला. टोर्बेन आमचा नवा अध्यक्ष, वय छत्तीस. मुलगा चांगला आहे, पण बोलतो ते समजावून सांगितल्यासारखं.

"माझं वाल्डेमारशी काही वाकडं नाही," तो म्हणाला, "पण वय चौऱ्याहत्तर म्हणजे नजर, स्मरणशक्ती... उद्या विमान कुणाच्या डोक्यात बसलं तर जबाबदार कोण?"

"एकतीस वर्षांत किती चुका झाल्या?" वाल्डेमारने विचारलं.

"एकही नाही."

"मग मोजायला सोपं जाईल."

सगळे हसले, पण ठराव व्हायचा तो झालाच. हा मोसम यादी वाल्डेमारकडे. एक चूक दिसली की टोर्बेनकडे. घरी परतताना वाल्डेमार माझ्या शेजारून चालत होता. फाटकाशी थांबला.

"गेरलिंड, लिफ्ट गेल्या. आता हेही गेलं तर सकाळी उठून मी काय तपासायचं? एडेलट्राउटला?"

एडेलट्राउट म्हणजे त्याची बायको. मी म्हटलं, "तिला तपासायला जाशील तर सही करायला हात राहायचा नाही." तो हसला नाही. माझ्या तेव्हा लक्षात आलं की हा माणूस खरंच घाबरलाय.

मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी एडेलट्राउटचा फोन आला. "आमच्या तळघरात ये. दोन तास झाले, हा नुसता बसलाय. खोकतसुद्धा नाही."

मी गेले. टेबलावर दोन पिवळेधम्मक पंख शेजारी शेजारी ठेवलेले. लाकडावर चढवलेली प्लास्टिकची फिल्म इतकी छान इस्त्री केलेली की कुठे सुरकुती म्हणून नाही. मी एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, परत पहिल्याकडे बघितलं. दोन्ही डावे.

मी हसले. मला चांगलं वागता येत नाही असं आई म्हणायची, ते खोटं नव्हतं. सात पंख ठोकणारा हा माणूस! पण त्याने मान वर केली आणि मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले.

"तेल चोळून दोरीवर वाळत घातला होता," तो म्हणाला. "तेल मुरलं की दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. अक्षरं उलटी आहेत का तेवढं बघायचं होतं."

"मग बघितलं का नाहीस?"

"चष्मा वर होता."

"चौदा पायऱ्या आहेत रे," एडेलट्राउट म्हणाली. "चौदा!"

"माहीत आहे. कुणाला सांगू नका."

पुढचं काम माझ्या गळ्यात पडलं. उजव्या पंखासाठी दुसरं किट हवं, आणि फुल्डा शहरातला किट विकणारा दुकानदार नेमका टोर्बेनचा मेहुणा. मी गेले आणि कासेलच्या भाच्यासाठी हवंय असं ठोकून दिलं. मला भाचा नाही. दुकानदाराने त्या नसलेल्या भाच्यासाठी एक गोंदाची बाटली फुकट दिली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाल्डेमारने तीन आठवड्यांत उजवा बांधला. चष्मा नाकावरून खाली उतरला नाही. राहिला जास्तीचा डावा.

"जाळ तो," एडेलट्राउट म्हणाली.

"पंखात दोष काय आहे?" तो म्हणाला. त्याच्याने तो जाळवला नाही, मोडवला नाही. शेवटी घोंगडीत गुंडाळून माझ्या गाडीच्या डिकीत ठेवला, कारण त्याच्या तळघरात क्लबातलं कुणी ना कुणी सारखं पकडी मागायला येतं.

मला एकच गोष्ट खटकत होती. नव्या लोकांना हिवाळ्यात दर गुरुवारी वाल्डेमारच शिकवतो. या वर्षी नवी एकटीच होती, वीबके. उत्तरेकडच्या सपाट मुलखातली, पंचेचाळिशीची, आमच्या गावच्या शाळेची बस चालवते. आयुष्यात कधी हातात करवत धरली नव्हती. वाल्डेमारने तिला सांगितलं होतं, "तेल सुरुवातीलाच चोळून ठेव, मग विसरायचा प्रश्न नाही." विमानाचं धड तिने त्याच्या देखत बांधलं. फेब्रुवारीत वर्ग संपले आणि पंख ती घरी बांधणार होती.

"तिला फोन कर," मी म्हटलं. "सांग, अक्षरं बघून घे म्हणून."

"आणि तिने विचारलं, हे आत्ताच कसं सुचलं, तर?"

"तर सांग काहीतरी!"

"मला खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला. भाच्यासाठी किट मी आणलं होतं, हे तो सोयीस्कर विसरला होता. फोन त्याने केला नाही. मीही केला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

एक मेला झकास वारा होता. पश्चिमेचा, उतारावर सरळ येणारा. कुरणावर टेबलं मांडली होती, रुबार्बच्या आंबट देठांचा केक होता, भाजलेले सॉसेज होते. वाल्डेमार यादी घेऊन उभा, पायाशी त्याचं पिवळं विमान, दोन पंखांचं, एक डावा एक उजवा. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

वीबके उशिरा आली. दुसऱ्या पंखाची फिल्म तिने त्याच सकाळी इस्त्री केली होती. लाल पंख. तिने एक पंख विमानाच्या धडातून आलेल्या पोलादी सळईवर सरकवला, तो बसला. दुसरा सरकवायला गेली आणि थांबली. पालथा करून बघितला. मागचा पुढे करून बघितला.

टोर्बेनच्या ते आधी लक्षात आलं. "अरे, बघा बघा! दोन उजवे! भिंतीवर उजवा एकही नाही आपल्या!"

सगळे धावले. कुणी हातोडी आणायला निघालं. तिला कुणी वाईट बोललं नाही, उलट पाठीवर थापा मारल्या, केक पुढे केला. वीबकेही हसली, पण तिची मान लालबुंद झाली होती.

"मी आधी तेल चोळलं होतं," ती म्हणाली. "सांगितलं होतं तसंच. मग दोन्ही बाजू एकसारख्याच दिसायला लागल्या. जाऊ दे. मला वाटलंच होतं की हे आपलं काम नाही. माझी आपली बसच बरी." आणि ती विमान खोक्यात परत घालू लागली.

वाल्डेमार जागचा हलला नव्हता. यादी छातीशी धरलेली. मला त्याचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम. एक शब्द बोलला तर यादी गेली, आणि नाही बोलला तर कुणाला कळणार होतं? मला कळलं असतं, एडेलट्राउटला कळलं असतं. आम्ही दोघी गप्पच बसलो असतो.

"गेरलिंड," तो म्हणाला, चांगल्या मोठ्या आवाजात, "गाडीची किल्ली दे."

मी दिली. तो सावकाश गाडीपर्यंत गेला, घोंगडी काखेत मारून परत आला आणि ती टेबलावर केकच्या शेजारी उलगडली. पिवळा पंख बघून पहिल्यांदा कुणालाच काही समजलं नाही. सगळे त्याच्या पायाशी असलेल्या विमानाकडे बघू लागले, पंख निखळला की काय म्हणून.

"हा माझा आहे," वाल्डेमार म्हणाला. "दुसरा डावा. मार्चमध्ये मी दोन डावे बांधले. मग गुपचूप उजवा बांधला. वीबकेला फोन करून सावध करायला हवं होतं, ते केलं नाही, कारण मला लाज वाटली. तेव्हा तिचं नाव भिंतीवर जाणार नाही. ती जे चुकली ते माझ्यामुळे."

कुणी हसलं नाही. कुणीतरी हसायला हवं होतं, म्हणजे बरं वाटलं असतं. अखेर वीबकेच पुढे झाली. तिने तो पिवळा पंख उचलला, फासळ्यांवरून बोट फिरवलं आणि सळईवर सरकवला. टक्‌ करून बसला.

"बसला की!" ती म्हणाली, आणि मग मात्र सगळ्यांना हसू फुटलं.

पिवळी बाजू थोडी हलकी होती. वाल्डेमारने खिशातून दोन युरोचं नाणं काढून पंखाच्या टोकाला चिकटपट्टीने लावलं. मग त्याने यादी टोर्बेनच्या हातात दिली.

"ठराव ठराव आहे," तो म्हणाला.

टोर्बेनचा चेहरा उतरला. हवी होती ती गोष्ट अशी हातात आली की माणसाला ती धरवत नाही. "अरे, पण आज तरी..."

"आज काय आणि उद्या काय. वारा आहे तोवर सुरू कर."

टोर्बेनने वीबकेचं विमान तपासलं आणि त्यानेच ते उतारावरून फेकलं. एक पंख लाल, एक पिवळा. आधी थोडं खाली गेलं, वीबके किंचाळली, आणि मग वाऱ्याने ते उचललं. ती रेडिओ दोन्ही हातांत घट्ट धरून उभी होती आणि तोंडाने "हळू, हळू, हळू" म्हणत होती, बसमधल्या पोरांना म्हणते तसं. वाल्डेमार तिच्या मागे उभा होता. त्याच्या हातांना काही काम नव्हतं, म्हणून ते पाठीमागे बांधले होते. एकतीस वर्षांत मी त्याला मोकळ्या हातांनी कधी बघितलं नव्हतं. मला खूप वाईट वाटलं.

एकेक करत सगळ्यांची विमानं तपासून झाली. शेवटी त्याचंच राहिलं.

"तुझं काय बघायचं!" टोर्बेन म्हणाला आणि सहीसाठी पेन टेकवलं.

"म्हणजे?" वाल्डेमारचा आवाज चढला. "दोन डावे पंख बांधणाऱ्या माणसाचं विमान न बघता सोडणार? तुझी अक्कल कुठे गेली?"

टोर्बेनने निमूट यादी खाली ठेवली. पंख दोन बोटांवर तोलले. मागे उभा राहून म्हणाला, "उजवीकडे." वाल्डेमारने कांडी हलवली, पट्टी उजवीकडे वळली. "वर." वर गेली. टोर्बेनने पंख हलवून बघितले आणि पेन उचललं.

"स्क्रू राहिले," वाल्डेमार म्हणाला. "आणि तोलताना तू श्वास रोखला नाहीस, बोटं हलत होती. पुन्हा पहिल्यापासून."

टोर्बेनने त्याच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, आणि मग श्वास रोखून दोन बोटं पुन्हा पंखांखाली घातली.