विलासचा कमी मिठाचा डबा

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलोच होतो. रविवारी आमचं वाजलं होतं आणि गुरुवारी सकाळी, मेहकरला कचेरीत जायला निघालेला असताना, तो दारातच कोसळला. छातीत दुखतंय म्हणून दोन दिवस नुसतं सोड्याचं पाणी पीत होता म्हणे! आज पाच आठवडे झाले, तरी माझी चिडचिड काही जात नाही...

खामगावला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. तिथे पहिल्यांदा निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची निघाली, आणि तेव्हापासून या माणसाने तो विषय सोडला नाही. मांस धुतलं की फडक्याने कोरडं करायचं, चिरा पाडायच्या, आधी फक्त मीठ-लिंबू चोळून तासभर ठेवायचं, मग पाणी काढलेलं दही, आलं-लसूण, तिखट, हळद, वरून शेंगदाण्याचं तेल. एवढं करून पुन्हा चार तास थांबायचं. भुकेने जीव जायची वेळ यायची. घाई केली की म्हणायचा, "मीठ आत शिरू दे ना बे! जेवाले आला का गाडी पकडाले?"

त्या रविवारी डोणगावजवळच्या माझ्या शेतात शाळेतले सहकारी जमले होते. मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो, त्याची पार्टी. विलास पहाटेच मसाला लावून दोन डबे घेऊन आला होता, एक मोठा, एक लहान. दुपार झाली, मंडळी चुळबुळ करू लागली, आणि निखाऱ्यावर राख चढायची वाट न बघता मी दोन्ही डबे जाळीवर उपडे करायला घेतले.

"लहान डबा राहू दे," तो म्हणाला.

"काऊन?"

"राहू दे म्हटलं ना."

मी ऐकलं नाही. सगळं एकत्र झालं. पहिला तुकडा तोंडात घातला तो फिक्का, आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, "अबे, मीठच इसरला तू! आन् आमाले शिकवते!" लोक हसले. तो तुकडे उलटत राहिला, सगळ्यांना वाढलं, आणि न जेवताच मोटारसायकलला किक मारून गेला. मला वाटलं, नाक वर करून गेला. फोन मीही केला नाही.

तेराव्यानंतर विलासच्या बायकोला, सुनंदावहिनींना भेटायला गेलो, तर त्यांनी तो लहान डबा घासूनपुसून माझ्यापुढे ठेवला. "घेऊन जा भाऊजी, तुमचाच हाय हा. तुमाले बीपी निंगालं तवापासून हे तुमच्यापुरतं कमी मिठाचं येगळं लावत जात. लिंबू जास्त घालत, तुमाले समजू नये म्हनून."

माझ्या बीपीचं शाळेत कुणालाही सांगायचं नाही, अशी मीच त्याला शपथ घातली होती. नव्या मुख्याध्यापकाला गोळ्या चालू आहेत, हे लोकांना कळायला नको होतं ना! त्याने ती पाळली. 'कानात ऐक' एवढं जरी म्हणाला असता... पण नाही. माझ्या रक्तदाबाची एवढी काळजी, आणि स्वतःच्या छातीला सोडा!

परवा न राहवून मी त्या दिवशीच्या मंडळींना एकेक करून फोन लावले. बीपीचंही सांगून टाकलं. म्हटलं, चूक विलासची नव्हती, डबे मी मिसळले, मीठ माझ्यासाठी कमी होतं. चौघे जण ऐकून घेऊन 'बरं बरं' म्हणाले. पाचवे आमचे गणिताचे सर. ते म्हणाले, "फिक्कं होतं का, सर? मले तर याद बी नाही."

लहान डबा आता माझ्या फ्रिजमध्ये आहे. रिकामाच. त्यात दुसरं काही ठेवू देत नाही, म्हणून घरातलेही माझ्यावर वैतागले आहेत.